धुतलेल्या तुळयांची खोली

तुळया जावयाने धुतल्या. हे आधीच सांगून मोकळा होतो, कारण माझ्या सासुरवाडीत या खोलीची गोष्ट कोणीही काढली की तिसऱ्या वाक्याला कोणीतरी विचारतंच, "पण तुळया धुतल्या कोणी?" आणि सगळ्या माना माझ्याकडे वळतात. तर मी धुतल्या. पाइप लावून, काथ्याच्या ब्रशने घासून, एकूण एक. घासता घासता त्यांना फेस यायला लागला, तेव्हा तर मला वाटलं की आपल्या हातून काहीतरी फारच थोर घडतंय.

फेस येण्याचं कारण साधं होतं. त्या तुळया एका साबणाच्या कारखान्याच्या वखारीतल्या होत्या. कारखाना कधीच बंद पडलेला, पण वड्यांचा भुगा लाकडाच्या भेगाभेगांत बसून राहिलेला. वखार पाडायला काढली तेव्हा सुताराने तिच्या एका टोकाची अख्खी चौकट, म्हणजे खांब, तुळया, वासे, तिरके टेकू, सगळं सोडवून टेम्पोत घालून आणलं होतं. सोडवताना त्याने प्रत्येक जोडावर खडूने खुणा केल्या होत्या. कोणत्या तुळईचं टोक कोणत्या खांबाच्या खाचेत बसतं, कोणती बाजू आत, कोणती बाहेर. त्या माणसाने आयुष्यात एवढं एकच काम वेळेवर आणि विचार करून केलं होतं, आणि ते मी परसातल्या गटारात सोडून दिलं.

पण मी धुतल्या त्या हुकमावरून, आणि हुकूम होता मावशींचा.

मावशी म्हणजे माझ्या सासूबाई. अख्खी गल्ली त्यांना टेलरमावशी म्हणते, त्यांच्या सख्ख्या बहिणीची नातवंडंसुद्धा. म्हणून मीही मावशीच म्हणतो. झगे, फ्रॉक, पोलकी, पडदे, उशांचे अभ्रे, एकदा तर शेजाऱ्याच्या स्कूटरची खोळ. मावशींनी शिवलं नाही असं काही नाही. आणि एवढ्या वर्षांत त्यांनी एक नियम मोडलेला नाही. कोरं कापड आधी भिजवायचं, वाळवायचं, आणि मगच त्याला कात्री लावायची. "न धुता कापलेलं कापड आणि न विचारता दिलेला शब्द, दोन्ही मागाहून आटतात," असं त्या म्हणतात. शब्दांचं मला माहीत नाही, पण माझ्या लग्नातला कोट दुसऱ्या टेलरकडून शिवून घेतला होता, तो खरोखरच आटला.

तर टेम्पोतून ती काळीकुट्ट लाकडं उतरली, तेव्हा मावशी दारात उभ्या होत्या. तोंडात टाचण्या, गळ्यात टेप. तशाच अवस्थेत त्या म्हणाल्या, "कापायच्या आधी सगळं धुऊन घ्या हो." सुताराला वाटलं, त्या जावयाशी बोलल्या, आणि तेही कापडाबद्दल. तो "लगेच येतो" म्हणून गेला. जावई रिकामाच बसला होता. जावयाने पाइप लावला.

या सुताराला गावात लगेचमेस्त्री म्हणतात. "लगेच येतो" म्हणून गेलेला हा माणूस परत कधी उगवेल, हे त्याच्या बायकोलाही सांगता येत नाही. त्या वेळी तो उगवला तेव्हा लाकडं उन्हात वाळून, पांढुरकी होऊन, साबणाचा घमघमाट सोडत पडली होती. त्याने एका तुळईभोवती फेरी मारली. मग दुसरीभोवती. कानावरची पेन्सिल काढली, तिच्याकडे बघितलं, पुन्हा कानावर ठेवली.

"खुणा कुठायत?"

"कसल्या खुणा?" मावशी म्हणाल्या.

"खडूच्या."

मावशींनी जावयाकडे बघितलं. जावयाने गटाराकडे बघितलं.

"लाकूड कोणी धुतं का हो मावशी?"

"कापायच्या आधी धुवायचं नाही? मग आटलं म्हणजे?"

"आटायला ते काय मांजरपाट आहे?"

"आणि खडूने लिहून ठेवायचं कशाला? मीसुद्धा खडूने खूण करते, पण खूण केली की टाचून मोकळी होते. तुम्ही खूण करून कुठे गेला होतात?"

सुताराने गटाराकडे एकदा बघून घेतलं. तो म्हणाला, "जावईबापू हुशार आहेत हो," आणि जाऊन लाकडांवर बसला. इतक्या तुच्छतेने मला हुशार त्याआधी कोणी म्हटलं नव्हतं.

आता ही खोली हवी कशाला होती, ते सांगायला पाहिजे.

मावशींचं मशीन लग्न झाल्यापासून बोळकंडीत आहे. पुढच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत जी अरुंद वाट जाते, तिच्या मधोमध. चपलांच्या रॅकला मशीनची एक बाजू चिकटलेली, भिंतीला दुसरी. कोणाला आतून बाहेर किंवा बाहेरून आत जायचं असलं की मावशींनी पायट्यावरचा पाय काढायचा, स्टूल मागे सारायचं, पोट आत घ्यायचं आणि तो माणूस जाईपर्यंत शिवण तशीच सुईखाली धरून ठेवायची. गिऱ्हाइकाचं माप चपलांजवळ घ्यायचं. फोडणी घातली की नव्या झग्यांना वास. दूधवाला, मीटरवाला, मुलाचे मित्र, सगळे मावशींना ओलांडून गेलेले आहेत. त्या म्हणतात, "मी घरात नाही, उंबरठ्यात राहते."

तरीही त्यांनी कधी तक्रार केली नव्हती, कारण दुपार त्यांची होती. मुलं शाळेत, नवरा कामावर. जेवणं झाली की चहापर्यंत मशीन एका दमात चालायचं. अर्ध्या संसाराची शिलाई त्या दुपारांनी ओढली आहे.

मग काका निवृत्त झाले. काका म्हणजे माझे सासरे. धान्याच्या गोदामात वजनकाट्यावर होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची पोती मोजली, आणि निवृत्त झाल्यावर घरी येऊन स्वतःची झोप मोजायला सुरुवात केली. बोळकंडीला लागूनच त्यांची खोली. तिथे त्यांची लोखंडी खाट. जाड पाइपांची, वेल्डिंग करून घेतलेली, गोदामातल्याच एका फिटरने निरोपाची भेट म्हणून बनवून दिलेली. ती मोडत नाही, सुटत नाही, आणि काका तिच्यावरून उठत नाहीत. जेवण झालं की खाटेवर आडवे, आणि मशीनने पहिली घरघर केली की आतून आवाज:

"अगं, जरा बंद कर ना ते!"

"शाळेचे गणवेश द्यायचेत."

"चार वाजता शिव."

"चार वाजता चहा कोण करणार?"

"मग पाच वाजता शिव."

पाच वाजता सगळं घर मावशींना ओलांडून जायला लागायचं. अशा रीतीने मावशींची दुपार गेली, आणि गणवेशांचं काम हळूहळू चौकातल्या तयार कपड्यांच्या दुकानाकडे सरकायला लागलं. तेव्हा मावशींनी शिलाईतून साठवलेलं काढलं, सुताराला बोलावलं आणि सांगितलं, परसात मला खोली पाहिजे. दार लावलं की आतून मशीनचा आवाज बाहेर येऊ नये आणि बाहेरून कोणाची हाक आत येऊ नये. एवढीच मागणी. नवं लाकूड परवडणारं नव्हतं म्हणून वखारीचं.

मात्र लाकडं परसात पडली आणि घरात जमीनवाटप सुरू झालं. मेहुणा म्हणाला, परीक्षेपुरता मी तिथे अभ्यासाला बसेन. परीक्षा कोणती, ते त्याने सांगितलं नाही. माझी बायको म्हणाली, आई, आमच्या दोन मोठ्या बॅगा आणि जुना कूलर तेवढा एका कोपऱ्यात राहील. आणि काका रोज सकाळी लाकडांभोवती फेरी मारून आल्यावर म्हणायचे, "जुन्या लाकडाची खोली फार गार असते. खाट तिकडेच टाकू. दुपारी बरं पडेल."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मावशींच्या हातातली कात्री तशीच राहिली. खाट तिकडे गेली म्हणजे झोप तिकडे गेली. झोप गेली म्हणजे मशीन पुन्हा चपलांजवळ. म्हणजे आपणच आपल्या पैशाने नवऱ्याला झोपायची खोली बांधून द्यायची, आणि वर त्याला पंखा लावायचा.

"खोली माझी आहे," त्या म्हणाल्या.

"तुझीच आहे गं. मी फक्त झोपणार."

भांडणाऱ्या माणसाशी भांडता येतं. झोपणाऱ्याशी कसं भांडणार?

आणि इकडे खोली तर उभी राहायलाच तयार नाही. खुणा गेलेल्या. सगळे खांब दिसायला सारखे, पण हाताने कोरलेल्या जुन्या खाचा, प्रत्येक वेगळी. एका तुळईचं टोक दुसरीच्या खाचेत जाईल तर शपथ. एक तुळई उचलायची, खांबाला लावून बघायची, नाही बसली की खाली ठेवायची. एका बाजूला सुतार, दुसऱ्या बाजूला मी, कारण "धुतल्या त्यांनी उचलाव्यात" असा न्याय झाला होता. मेहुणा लांबून सूचना द्यायचा. दर तासाला सुतार हात झटकायचा, म्हणायचा, "लगेच येतो," आणि त्या दिवसापुरता अंतर्धान पावायचा. मी खांद्यावर तुळई घेऊन उभा.

मावशींचा जीव मेटाकुटीला आला होता. एका डोळ्याने गणवेशाची कॉलर, दुसऱ्या डोळ्याने परस. शेवटी एके दिवशी त्यांनी टाचण्या तोंडातून काढल्या, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मेस्त्री, तुम्ही एकदम पक्कं करायला का बघता? आधी कच्चं टाचा."

"लाकूड टाचायचं?"

"दोरीने. सगळं दोरीने बांधून उभं करा. अंगाला बसतंय का बघू. मग मारा तुमच्या खुंट्या."

सुताराला ते पटलं, हे त्याने कबूल केलं नाही. तो म्हणाला, "माझ्या मनात तेच होतं." दोरी मात्र मावशींच्याच घरातून घेतली. दोन दिवस ती चौकट दोऱ्यांनी जखडून, शस्त्रक्रियेला आणलेल्या पेशंटसारखी उभी होती. उलटसुलट करता करता एका दुपारी सगळी टोकं सगळ्या खाचांत बसली. ओळंबा सोडला, दोरी सरळ. गुण्या लावला, कोपरा काटकोनात. सुताराच्या तोंडावर जे हसू आलं, ते मी आजवर फक्त लॉटरीच्या जाहिरातीत पाहिलं होतं. कोणी काही म्हणायच्या आत त्याने लाकडी खुंट्या ठोकायला घेतल्या. एकदा कामाला लागला की तो माणूस थांबायचा नाही. त्याला थांबवायला हवं होतं तेव्हाच नेमका थांबला नाही. संध्याकाळपर्यंत सगळं पक्कं.

पत्रे चढले, फळ्या लागायला सुरुवात झाली. दाराच्या जागेची फळी लावायला सुतार बाहेरून फिरून गेला, आणि तिकडून त्याची हाक आली.

"मावशी, जरा इकडे या."

मावशी गेल्या. मागोमाग मी. परसाच्या टोकाला कुंपणाची भिंत आहे. खोली आणि भिंत यांच्यामध्ये पाणी जायला म्हणून हात-दीड हाताची फट सोडली होती. दाराची चौकट त्या फटीकडे तोंड करून उभी होती. ज्या बाजूला दार हवं होतं, घराकडच्या, तिथे कमरेएवढ्या उंचीवर आडवी तुळई आणि वर लाकडी गजांची खिडकी. टाचलं सगळं बरोबर होतं, पण अख्खी खोलीच उलटी घातली होती. झगा उलटा शिवावा, अस्तर बाहेर, तशी.

"मला वाटलंच होतं," सुतार म्हणाला.

मावशींनी कपाळाला हात लावला. "वाटलं होतं तर बोलायचं ना! तोंडात काय मी टाचण्या दिल्या होत्या?"

"खुणा असत्या तर झालं असतं का हे?" त्याने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं. भिंत फारच जवळ होती.

"आता?"

"दोन रस्ते. सगळं सोडवून फिरवून लावतो, नाहीतर घराकडची ती आडवी तुळई कापतो आणि तिथे दार काढतो. लगेच होईल."

त्या "लगेच"वर मावशींनी त्याच्याकडे असं बघितलं की मी एक पाऊल मागे सरकलो. मग त्या फटीत शिरल्या. आडव्या होऊन, एक खांदा पुढे करून, दारातून आत गेल्या. आत अजून मातीचीच जमीन होती, फळ्यांचे तुकडे होते, साबणाचा वास होता. खिडकीतून घर दिसत होतं. म्हणजे स्वयंपाकघराचं मागचं दार, पाण्याची टाकी आणि काकांच्या खोलीची खिडकी. काका झोपले होते. मावशी खिडकीजवळ उभ्या राहिल्या. डाव्या बाजूने उजेड हातावर पडत होता. त्यांनी सवयीने पाय पुढे केला, जणू पायटा तिथेच आहे. कोणी त्यांना ओलांडून जात नव्हतं. जाणार कुठून? दारातून एका वेळी एकच माणूस, तोही श्वास रोखून.

त्या आतूनच म्हणाल्या, "मेस्त्री, या फटीतून माझं मशीन येईल?"

"डोकं वेगळं, पाय वेगळे केले तर येईल. का नाही येणार?"

"कापायचं टेबल?"

"फळ्या आत आणून आतच ठोकतो."

मग मावशींनी पुढचा प्रश्न अगदी सहज, कापडाची घडी घालताना विचारावा तसा विचारला.

"आणि ह्यांची खाट?"

सुतार हसला. "खाट? सहा फुटी सरळ पाइप, मावशी. फटीत घातली तर दारात वळणार कशी? भिंत पाडावी लागेल."

"मग राहू द्या," मावशी म्हणाल्या.

"काय राहू द्या?"

"दार. चांगलंय. जुनी तुळई कशाला कापायची? पाप लागेल."

मी आणि सुतार एकमेकांकडे बघत राहिलो. पाप-पुण्याचा विषय मावशी सहसा काढत नाहीत. मग सुताराला उमगलं, आणि त्याने पेन्सिल कानावरून काढून खिशात ठेवली. त्या खोलीच्या दाराबद्दल तो पुढे काही बोलला नाही. मी तर नाहीच नाही. एक चूक करून झालेल्या माणसाने दुसऱ्या वेळी गप्प राहणं बरं.

खाटेचा प्रयोग मात्र झालाच. जमिनीवर फरशी बसली त्याच दिवशी काकांनी मेहुणा, मी, सुतार आणि रस्त्यावरून जाणारा एक ओळखीचा फिटर, तोच खाट बनवणारा, अशी माणसं गोळा केली. खाट परसात आली. फटीत घातली. ती आत गेली, आणि दारापाशी पोचल्यावर भिंतीला आणि खांबाला एकाच वेळी टेकून राहिली.

"उभी करा," काका म्हणाले.

उभी केली. पत्र्याला लागली.

"आडवी फिरवा."

"फिरवायला जागा कुठाय, काका?"

"कोन धरा ना कोन! गोदामात आम्ही..."

"गोदामाला दार होतं," मेहुणा म्हणाला. त्याच्या आयुष्यातलं एकमेव मुद्द्याचं वाक्य.

फिटर म्हणाला, पाय कापून देतो, पुन्हा वेल्डिंग करू. काकांना ते मान्य नव्हतं. निरोपाची भेट होती. खाट बाहेर काढताना ती अडकली ती वेगळीच. सगळे घामाघूम झाल्यावर काकांनी खिडकीतून आत बघितलं. मावशी आत मशीनचं डोकं पायांवर बसवत होत्या.

"तू मुद्दाम केलंस."

"मी? मी काय केलं? तुळया कोणी धुतल्या?"

सगळ्या माना वळल्या.

"मग मी दुपारी जाऊ कुठे?" काका म्हणाले. आवाज खरोखर दुखावलेला होता, आणि ते बघून मावशींनी पेचकस खाली ठेवला.

"जायचं कशाला? आपल्या खोलीत झोपा. मशीन इकडे आलं, आता तिकडे कसला आवाज? तुम्हाला शांतताच हवी होती ना?"

काकांनी खाट परत आत न्यायला लावली. दुसऱ्या दुपारी ते आपल्या खोलीत, आपल्या खाटेवर असे काही घोरले की आवाज परस ओलांडून मावशींच्या खोलीत आला. मावशींनी उठून खिडकी लावली. ती नीट लागेना, कारण सुताराने पल्ला बसवताना "कोपरा लगेच तासतो" म्हणून सांगितलं होतं. मग त्यांनी मशीन सुरू केलं, आणि घोरणं ऐकू येईनासं झालं.

आता तिथेच काम चालतं. गणवेश परत आले, सगळे नाही, पण बरेच. त्या खोलीत शिवलेल्या कपड्यांना हलका साबणाचा वास येतो, आणि गिऱ्हाइकांना वाटतं मावशी कपडे धुऊन देतात. काहींनी त्यासाठी कौतुक केलं, तर काहींनी शिलाई कमी करायला सांगितलं. फटीतून येताना सगळे कुरकुरतात. पिठाच्या गिरणीवाल्या बाई तर फटीत शिरूच शकल्या नाहीत. त्यांचं माप मावशींनी खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढून घेतलं. "तुरुंगातल्या कैद्यासारखं वाटतंय हो," त्या बाई म्हणाल्या. मावशी म्हणाल्या, "कैदी तुम्ही नाही, मी आहे," आणि टेप खेचली. पण त्यांच्या चेहऱ्यावर कैद्याचं दुःख काही दिसत नव्हतं. मेहुणा अभ्यासाला अजून आलेला नाही. आमच्या दोन बॅगा आणि कूलर आमच्याच घरी, माझ्या उशाशी आहेत.

राहिला तो फक्त सुताराचा शर्ट. कापायचं टेबल त्याने उरलेल्या फळ्यांतून आतल्या आत ठोकून दिलं, ते इतकं पक्कं की त्यावर माणूस झोपू शकेल, पण हे काकांना सांगायचं नाही असं ठरलं आहे. त्याबद्दल काय घेणार, असं मावशींनी विचारलं तेव्हा तो लाजून म्हणाला, शर्ट शिवा, बाहीवर पेन्सिलीचा खिसा असलेला. मावशींनी त्याच दिवशी कापड भिजवलं. शर्ट कापून झाला, कॉलर झाली, एक बाही लागली, खिसाही त्याच बाहीवर लागला. दुसरी बाही टाचून ठेवलेली आहे. मधेच गणवेश येतात, कोणाचं तरी लग्न येतं, आणि बाही राहते. सुतार अधूनमधून भिंतीकडून डोकावतो, "मावशी, शर्ट?" असं विचारतो. आता खिडकीतून तो परसात दिसला की, त्याची हाक ऐकू येऊ नये म्हणून, मावशी मशीन जोरात चालवायला घेतात.